उजेडातून बाजूले व्हा

विमलवहिनी कुणाच्याही घरी गेल्या की माणसांआधी भिंती बघायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी चहा पुढे केला, तर यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे. मला वाटलं, पाल दिसली की काय. तेवढ्यात म्हणाल्या, "भित लय चांगली हाय वो मॅडम तुमची. पन मधातच कॅलेंडर काऊन लटकवलं?" कॅलेंडर काढलं तर खिळा दिसेल, खिळा काढला तर भोक दिसेल, असं बरंच काही मी बोलत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चुन्याची वाटी घेऊन आल्या, खिळा उपटला, भोक बुजवलं आणि गेल्या. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं ते मी तळेगाव सोडेपर्यंत तिथेच राहिलं.

तळेगावच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले आणि बदली होईपर्यंत त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहिले. गल्ली इतकी अरुंद की फोडणी त्यांच्याकडे पडायची आणि ठसका मला लागायचा. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत 'पल्लवी फोटो स्टुडिओ' होता. पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या वर्गातली. वहिनींचे यजमान मधुकरराव लग्नांचं शूटिंग करायचे. पल्लवी सहावीत असताना एका दुपारी ते जेवायला बसले आणि पहिला घासही न घेता गेले. हृदयविकार. सगळे धरून चालले होते की आता दुकान बंद होणार आणि वहिनी माहेरी जाणार. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शटर वर केलं. गल्लीत कुजबुज झाली. वहिनी उंच, काटकुळ्या, मान जरा पुढे काढून चालणाऱ्या. कुजबुज त्यांच्या कानाच्या खालूनच जात असावी असं मला वाटायचं. तसं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

कॅमेऱ्याशी त्यांचं कधी जमलं नाही. जमलं ते प्रोजेक्टरशी. लग्नात मागच्या लोकांना दिसावं म्हणून मधुकररावांनी तो नागपूरहून जुना आणला होता. वहिनी त्याला 'मशीन' म्हणायच्या आणि पल्लवीच्या लहानपणीच्या दुपट्यात गुंडाळून ठेवायच्या. बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या की शेजारची बाई हमखास विचारायची, "किती मयन्याचं हाय?"

दिवेलागणीला लाइट असले की त्यांचं घर ओळखू यायचं नाही. पल्लवीला भूगोलात वर्धा नदी होती तर यांनी फरशीवर नदी सोडली. कुठून कुठून गोळा केलेले फोटो, मोबाइलवर काढलेले व्हिडिओचे तुकडे, सगळं जोडून त्या भिंतीवर, छतावर, वाळत घातलेल्या चादरीवर लावायच्या. एका गणपतीत पीठगिरणीच्या काळवंडलेल्या भिंतीवर त्यांनी समुद्र लावला. लाट खाली ओट्यापर्यंत यायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्या लुगडी घोट्याच्या वर धरून उभ्या राहिल्या. मी हसले, तर वहिनी माझ्यावर रागावल्या. "हासू नोका वो. पाय वले होऊन राह्यले त्याहिचे."

मागच्या गल्लीतले नामदेवराव लकवा मारून खाटेला खिळले, तेव्हा वहिनी त्यांच्या शेतात जाऊन कपाशीची पऱ्हाटी मोबाइलवर उतरवून आल्या आणि खाटेसमोरच्या भिंतीवर लावली. घरचे सगळे भोवती उभे. म्हातारा आता रडेल, दोन चांगले शब्द बोलेल, अशी आमची तयारी. नामदेवरावांनी बराच वेळ पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने मुलाला विचारलं, "गवत किती झालं थे! निंदन काऊन नाई केलं?" मुलाचं तोंड पाहण्यासारखं झालं, कारण गवत खरंच झालं होतं. मग आठवड्याच्या आठवड्याला वहिनी शेत आणायच्या, म्हातारा खाटेवरून कामं सांगायचा आणि मुलगा मुकाट्याने करायचा. नामदेवराव गेले ते बोंडं फुटायच्या सुमाराला. त्यांना खाली काढून ठेवलं, बायकांनी हंबरडा फोडला, आणि भिंतीवर पांढरी पऱ्हाटी वाऱ्यावर हलतच होती. मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी वहिनीच पुढे झाल्या. "माह्या हातानं बंद केलं मी त्याहिचं वावर," हे त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील.

लग्नातल्या वहिनींबद्दल सांगायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला अजूनही राग येतो. आमच्याकडे लग्नात विधवा बाईला कुणी 'बाजूला हो' म्हणत नाही. म्हणत नाही, हेच त्यातलं सगळ्यांत वाईट. कुंकवाचा करंडा तिच्या शेजारणीला पुढे होतो आणि तिला वगळून तिसरीकडे जातो. हळदीला हाक येते ती सगळ्यांना, पण ती येणार नाही हे हाक मारणारीला ठाऊक असतं आणि हिलाही. कुणाचा शब्द नाही, कुणाचा दोष नाही. बाई आपोआप मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. वहिनी मात्र मशीन लावायच्या. मी एकदा विचारलं, एवढा ताप का घेता? तर म्हणाल्या, "मशीनच्या मांगं मले कोनी सरक म्हनत नाई. उलटी मीच साऱ्यायले म्हनते."

आणि म्हणायच्याही अशा! झोतात जो कोणी आला त्याला "उजेडातून बाजूले व्हा!" मग तो वरबाप असो की भटजी. एकदा एक पुढारी आहेराचं पाकीट हातात धरून फोटोसाठी उभे राहिले ते नेमके झोतात. वहिनींनी मागून हाळी दिली. पुढाऱ्यांना वाटलं, घोषणा चालली आहे. ते हात जोडून वळले, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पोटावर नवरीचं बालपण दिसायला लागलं.

अंतरपाटाचं सुरू झालं ते अपघातानेच. जवळच्या एका गावात लग्न होतं. नवरीची आजी त्याच महिन्यात वारलेली, आणि तिचा फोटो पडद्यावर दाखवायचं ठरलेलं. ऐन वेळी वावटळ आली आणि पडदा बांबूसकट आडवा झाला. इकडे मंगलाष्टकं सुरू. वहिनींनी मांडवभर नजर टाकली, तर पांढरं असं एकच कापड, नवरा-नवरीच्या मधोमध धरलेलं. त्यांनी मशीन उचललं, नवरीच्या मागे एका टेबलावर ठेवलं आणि तिच्या खांद्यावरून तिरपा झोत टाकला. अंतरपाटावर आजी आली. नवरीच्या अगदी समोर, हसत. मी त्या लग्नाला होते. बँडवाले वाजवायचे थांबले, एवढंच सांगते.

तेव्हापासून जो तो म्हणू लागला, आमच्या बाबाले आना, आमच्या मायले आना. वहिनींचा नियम एकच होता, हार घातलेला फोटो त्या घ्यायच्या नाहीत. "लग्नाले आलेला मानूस मेलेला दिसाले नाई पाह्यजे." हसतानाचा, जेवतानाचा, बैलाच्या पाठीवर हात ठेवलेला, असा फोटो शोधून आणायला लावायच्या. शेवटचं 'सावधान' झालं की कापड खाली ओढतात, त्या क्षणी त्या भिंगासमोर तळवा धरायच्या, नाहीतर चित्र थेट नवरदेवावर पडतं. एकदा उशीर झाला आणि पोरीच्या आजोबांच्या झुपकेदार मिशा नवरदेवाच्या तोंडावर चढल्या. नवरी हार घालायचा विसरून हसत बसली. वहिनी मात्र घरी आल्यावरही अस्वस्थ होत्या. "चांगलं नाई झालं वो. मेलेल्याचं काही जित्त्यावर पडू देऊ नाई."

मधुकररावांना मात्र त्यांनी कधीच भिंतीवर आणलं नाही. घरात त्यांचा एक सुरेख फोटो होता, कॅमेरा गळ्यात, तोंडात अख्खी जिलबी. मी एकदा म्हटलं, लावा ना हा. म्हणाल्या, "त्याहिले असे रोज रोज नाई आनत. थे पल्लवीच्या लग्नाले येतीन." आणि त्या खरोखर त्या दिवसाची वाट बघत होत्या. पल्लवी बारावी झाली, सावंगीला नर्सिंग शिकली, तिथेच नोकरीला लागली. एवढ्या वर्षांत वहिनींनी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट.

स्थळ आलं पवनारजवळचं. शेतीवाडी, मुलगा वर्ध्याला नोकरीला, स्वभावाने गरीब. पसंती झाली. बोलणी झाली तेव्हा वहिनींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग वहिनींनीच अंतरपाटाचा विषय काढला. मुलाची आत्या तिथे होती, घरात तिचाच शब्द चालायचा. ती बाई वाईट होती असं मी म्हणणार नाही, फार गोड बोलायची. म्हणाली, "तुमचं नाव लय आयकलं आमी. पन आमच्या घरचं पयलं लग्न हाय. गेलेला मानूस अंतरपाटावर नाई पाह्यजे, बाई. अन् कन्यादान तर तुमचे जाऊ-भासरेच करतीन ना?" एका दमात नवराही गेला आणि आईही गेली. मी काहीतरी बोलणार तोच वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हव," त्या म्हणाल्या. "नुसता उजेड टाकला तर चालन? फुलं-बिलं?" फुलं चालतील, असं ठरलं.

पल्लवीने घर डोक्यावर घेतलं. "तू समोर नसशीन तर मी बोहल्यावर उभीच नाई राहत." वहिनी तिला म्हणाल्या, "येडी हायस का? मी समोरच हाय. माह्याच उजेडात तर उभी राह्यशीन." नंतर आत येऊन माझ्याजवळ मात्र रडल्या. नवऱ्याच्या फोटोसाठी रडताहेत असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, इतले लग्नं केले, मले सारख्या नवऱ्या पाठमोऱ्याच दिसल्या. माह्या पोरीचं तोंड बी मले दिसनार नाई त्या टायमाले."

लग्न सायंकाळचं होतं. हॉलच्या खिडक्यांना पडदे लावलेले. वहिनींनी आष्टीच्या जंगलात जाऊन पळस मोबाइलवर उतरवून आणला होता. अंतरपाट धरला आणि त्यावर केशरी फुलं हळूहळू गळायला लागली. फार सुंदर दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. कन्यादानाला जाऊ-भासरे, म्हणजे वहिनींचे मोठे दीर आणि जाऊ, बसले. वहिनी उंच टेबलावरच्या मशीनच्या मागे, जरीची साधी साडी, मुठीत अक्षता. मंगलाष्टकं सुरू झाली तसे लोक उठून उभे राहिले. दर कडव्याला अक्षता टाकायला वहिनींचा हात वर व्हायचा आणि समोरच्यांच्या डोक्यांमुळे त्या पोचायच्याच नाहीत. मी पाहिलं, त्या टाचा उंच करताहेत. मग मशीनच्या बाजूने एक पाऊल पुढे आल्या. मग आणखी एक.

ज्या बाईने उभं आयुष्य लोकांना झोतातून हाकललं, ती स्वतः झोतात शिरली आणि तिला ते कळलंच नाही.

गळणाऱ्या फुलांवर एक मोठी काळी सावली उभी राहिली. अंबाडा, चष्म्याची काडी, खांद्यावरचा पदर. आईची सावली कुणालाही ओळखता आली असती. पल्लवी कापडासमोरच उभी होती. तिने वर पाहिलं, हार दंडावर अडकवून दोन्ही हात जोडले आणि वळून मागे पाहिलं. सावलीचा हात वर गेला, अक्षतांचा. तेवढ्यात शेवटचं 'सावधान' झालं, कापड सर्रकन खाली आलं, आणि ती सावली समोर फेटा बांधून उभ्या असलेल्या जावयावर पडली. तोंडापासून छातीपर्यंत तो काळा झाला. बँड वाजला, फटाके उडाले. बऱ्याच जणांना काहीच कळलं नाही. आत्याला कळलं. ती आपल्या भावाच्या कानाला लागली, ते मी पाहिलं.

घरी आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "चुकलं. पन दिसली मले. वळून पाह्यलं तिनं. दिसली." एवढा एक दिवस मी त्यांना पूर्ण सुखात पाहिलं.

दसरा होऊन गेल्यावर जावयाची गाडी वळणावर घसरली. पाय मोडला. जीव वाचला, पाय जुळला, चालताना थोडा लंगडतो एवढंच. पण त्याला बघायला वहिनी दवाखान्यात गेल्या तेव्हा आत्या बाहेर बाकावर बसली होती. तेव्हाही ती गोडच बोलली. "तुमचा दोष नाई, बाई. पन लग्नातच अपशकुन झालता. बोहल्यावर पोराले तुमची सावली भोवली." वहिनी तशाच माघारी आल्या. मशीन दुपट्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं.

मी खूप बोलले. रागावले, समजावलं. म्हटलं, वहिनी, ग्रहण म्हणजे सावलीच असते, हे तुम्हीच शाळेत मुलांना भिंतीवर दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "थे सूर्याले लागते. त्याचं काय बिघडते? हा मानूस होता." मग माळ्याकडे बघत, "इतल्या लग्नायमदी मेलेल्यायले उजेडात आनलं मी. कोनाचं वाईट झालं नाई. जित्ती मी गेली, अन्..." गल्लीची कुजबुज इतकी वर्षं त्यांच्या कानाखालून जात नव्हती, आत कुठेतरी साठत होती, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या वहिनी मला आठवायला नको वाटतात. घराबाहेर पडायच्या त्या भर दुपारी, सावली पायाखाली असताना. सकाळी पडावंच लागलं तर भिंतीला चिकटून चालायच्या. समोरून लेकुरवाळी आली की थांबायच्या, ऊन कुठल्या बाजूचं आहे ते बघायच्या आणि पलीकडे व्हायच्या. आमच्या ओट्यावर पोरं खेळत असली तर मला हाक मारायच्या, "मॅडम, पोरायले अंदर घ्या जरा, मले जाऊ द्या." पल्लवीचं बाळंतपण त्यांनी स्वतःच्या घरी होऊ दिलं नाही. जावेकडे पाठवलं. पल्लवी भांडली, बोलायची बंद झाली, पुन्हा बोलायला लागली. मुलगी झाली. पल्लवी तिला घेऊन यायची तेव्हा वहिनी नातीला मांडीवर घ्यायच्या ते फक्त आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, जिथे कशाचीच सावली पडत नाही.

मधल्या काळात माझी वर्ध्याला बदली झाली. वहिनी मागच्या दिवाळीनंतर गेल्या. ती बातमी पल्लवीनेच फोनवर सांगितली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी जुन्या शाळेच्या कार्यक्रमाला तळेगावला गेले होते, तेव्हा त्यांना शेवटचं पाहिलं.

दुपार कलली होती. बसस्टँडवर लग्नसराईची गर्दी, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पल्लवी पोरीला घेऊन वर्ध्याच्या बससाठी उघड्यावर उभी होती, आणि वहिनी तिच्यापासून चार हात लांब. तिला पोचवायला आलेल्या, पण परक्यासारख्या. मी त्यांचं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर आले होते, पण अजून हाक मारली नव्हती. ऊन पश्चिमेकडून सरळ पोरीच्या तोंडावर येत होतं. ती डोळे चोळत होती, मग किरकिरायला लागली, मग मोठ्याने रडायला लागली. पल्लवीने पदर धरून पाहिला, पण बॅग, पोर आणि पदर तिला आवरेना.

"आई, इकडं ये."

वहिनी हलल्या नाहीत. "टोपी घाल ना तिले."

"टोपी नाई आनली. तू ये. इथं उभी राह्य, माह्या समोर."

"नाई, माय. नोको."

पोरीला तसंच कडेवर घेऊन पल्लवी चालत गेली, आईचा दंड धरला आणि ओढत आणून तिला उन्हाच्या आणि पोरीच्या मधे उभं केलं. वहिनींची उंच सावली पोरीवर पडली, डोक्यापासून पायापर्यंत. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. पोर रडायची थांबली. तिने वर पाहिलं, आणि आजीच्या चष्म्याला हात घातला.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. पण बाजूलाही झाल्या नाहीत. बस येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.